इस्त्री ठेवावी, फिरवू नये

वत्सलाबाई करंबेळकर यांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांच्यापुढे कोटाविना उभा असताना. मुलुंडला बिऱ्हाड करून मला फार दिवस झाले नव्हते. शाळेत संस्कृत शिकवणारा नवा मास्तर आला आहे एवढ्या भांडवलावर मंडळाने गणेशोत्सवात माझे उपनिषदांवर व्याख्यान ठेवले होते. मंडपाच्या दाराशी एका बाईंनी मला अडवले, माझ्या गळ्याकडे पाहिले आणि विचारले, “मास्तर, ही कॉलर घालून तुम्ही आत्म्याविषयी बोलणार?”

“आत्म्याला कॉलर नसते, बाई.”

“श्रोत्यांना डोळे असतात. काढा कोट.”

मंडळाच्या मागच्या खोलीत त्यांचा शिवणवर्ग भरत असे. तेथे कोळशाची इस्त्री तापलेलीच होती. कोट परत मिळाला तेव्हा त्यात मी बराच विद्वान दिसत होतो. व्याख्यान कसे झाले हे कोणी सांगितले नाही; कोट चांगला होता, असे मात्र अनेकांनी सांगितले.

आज बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या कार्याविषयी पुष्कळांनी लिहिले असेल. मी त्यांच्या मतांविषयी लिहितो, कारण ती मला अधिक सोसावी लागली आहेत. त्यांतले पहिले मत असे की, शिवण ही अर्धी सुईची आणि अर्धी इस्त्रीची असते. प्रत्येक जोड शिवला की लगेच त्यावर इस्त्री फिरली पाहिजे. कापण्याआधी इस्त्री, शिवताना इस्त्री, शिवून झाल्यावर इस्त्री. आमच्याकडे संध्या तरी दिवसाकाठी ठरलेल्या वेळीच करतात.

या मताला उभ्या मुलुंडात एकच प्रतिपक्षी होता. सोनूताई राणे या मूळच्या मालवणकडच्या, वर्गातल्या दुसऱ्या शिक्षिका. यजमान गिरणीत होते. छातीच्या दुखण्याने त्यांचे काम सुटले, तेव्हापासून सोनूताईंचे घर या वर्गावर चालते. वत्सलाबाईंना त्या ‘तू’ म्हणतात. हा अधिकार आमच्या वस्तीत दुसऱ्या कोणाला नाही. बाईंचे यजमान करंबेळकर यांनाही नसावा असा माझा कयास आहे.

कथा घडली ती अशी. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या मनात मागची खोली कॅरमसाठी घ्यायची होती. “बायका शिवणं घरीही करू शकतात,” असे ते म्हणत. बाईंनी त्यांना घरांची लांबीरुंदी ऐकवली आणि मशीन कोठे ठेवायचे ते विचारले. शेवटी आबासाहेबांनी तोड काढली: मंडळाच्या व्यायामशाळेच्या खो-खो संघाचे सदरे वर्गाने शिवावेत; ते जमले तर खोली वर्गाची, नाही तर कॅरमची. सदरे हवे होते होजिअरीच्या, म्हणजे गंजीफ्रॉकच्या विणीच्या कापडाचे. असले कापड वर्गात तोवर कोणी शिवले नव्हते.

कापड आले आणि वाद सुरू झाला.

“बाये, ह्यां कापड शेवयेसारख्यां,” सोनूताई म्हणाल्या. “ताणलंस काय लांबतलां. इस्तरी दूर ठेव.”

“सोनू, इस्त्रीशिवाय शिवलेला कपडा हा कपडा नव्हे. ती गाठोड्याची तयारी.”

“मगे बांध गाठोडां. खोली जातलीच.”

मी त्या वेळी मंडळाचा चिटणीस असल्याने निवाडा माझ्याकडे आला. मी पूर्वपक्ष ऐकला, उत्तरपक्ष ऐकला, आणि दोन्हीकडे बरेच तथ्य आहे असे सांगितले. “मास्तर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही चहा घ्या.” न्यायदानाच्या कामातून मला इतक्या सौजन्याने पुढे कोणीही मुक्त केलेले नाही.

बाईंनी आपल्या मताप्रमाणे केले. कापलेल्या तुकड्यांवर त्यांनी इस्त्री दाबून, रेटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. सदरे शिवून झाले. गळ्यांना लाटा आल्या होत्या. संघाचा कप्तान एक सदरा अंगात घालून पाहू लागला, तर सदरा त्याच्या गुडघ्यांशी सलगी करू लागला. कप्तान नम्रपणे म्हणाला, “बाई, खाली चड्डी नाही घातली तरी चालेल ना?”

कोणी हसले नाही. सोनूताई तर मुळीच नाही. त्यांनी आपल्या पद्धतीने, इस्त्री न लावता, एक सदरा शिवून ठेवला होता. तो त्यांनी पिशवीतून काढला. त्याच्या कडा सुरळीच्या वडीसारख्या आत वळल्या होत्या आणि प्रत्येक जोड दोरखंडासारखा फुगला होता. दोघींनी एकमेकींचे सदरे हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. शास्त्रचर्चा अशी संपलेली मी कोणत्याही सभेत पाहिलेली नाही.

मग कामाला सुरुवात झाली. लांबलेले सदरे पाण्यात बुडवले, पिळले नाहीत, नुसते दाबले. दोरीवर टांगले असते तर ओल्या वजनाने आणखी लोंबले असते, म्हणून खाटांवर मापाप्रमाणे आडवे पसरले. वाळले तसे बरेचसे आपल्या मूळ वळणावर आले. उरल्या त्या लाटा. बाईंनी ओले फडके घातले, इस्त्री हातात घेतली आणि हात सवयीने पुढे सरकणार, एवढ्यात सोनूताईंनी मनगट धरले.

“तव्यावरची भाकरी फडक्यान दाबतंस ना? तशी दाब. पुसू नको.”

बाईंनी इस्त्री ठेवली. उचलली. शेजारी ठेवली. फडके काढले तर गळा सपाट. “विणीच्या कापडाला इस्त्री करायची,” बाई सावकाश म्हणाल्या, “पण फिरवायची नाही.” सोनूताई म्हणाल्या, “मी तांच सांगी होतंय.” आधी त्या इस्त्री दूरच ठेवायला सांगत होत्या; पण त्या दिवशी बाईंनी ते चालू दिले. त्यांच्या औदार्याचा याहून मोठा पुरावा माझ्यापाशी नाही.

आबासाहेब सदरे पाहायला आले. त्यांनी शिवण उलटीसुलटी करून पाहिली, ओढून पाहिली. दोष सापडेना. सहज म्हणून त्यांनी विचारले, “पहिल्याच फटक्यात जमलं?” नुसती मान हलवली असती तरी खोली मिळत होती. बाईंनी कपाट उघडून, पाण्यानेही ज्याची समजूत पटली नव्हती असा एक सदरा काढला आणि त्यांच्यापुढे पसरला. “हा माझा. सोनूनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही. सगळेच असे झाले होते.” सोनूताईंचा चेहरा पाहवत नव्हता; खोलीबरोबर जाणार होते ते त्यांचे अन्न होते.

आबासाहेबांनी सदरा उचलून उंचीला लावून पाहिला. मग म्हणाले, “त्या कॅरमवाल्यांत कुणी कधी आपली चूक कबूल केलेली मला आठवत नाही. राहू द्या खोली तुमच्याकडे. आणि हा टांगा भिंतीवर, येणाऱ्या पोरींना दिसू दे.”

तो आजही टांगलेला आहे. नव्या विद्यार्थिनीला बाई सुई देण्याआधी तो दाखवतात आणि त्याची हकिकत स्वतः सांगतात.

वैयक्तिक ऋणाविषयी थोडेच लिहितो. माझी पत्नी दीर्घ आजारात होती, तेव्हा बाई इस्त्रीचे कपडे नेण्याच्या निमित्ताने येत आणि कपडे नेताना ओट्यावर आमटीचे पातेले ठेवून जात. आभार मानू लागलो की म्हणत, “मास्तर, बोलू नका, कपडे मोजा.” त्या काळात आमच्या घरची पायपुसणीही कडक घडीची असत.

अशा प्रसंगी शतायुषी व्हा, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण गेल्या आठवड्यात वर्गावरून जात असता आतून आवाज आले. कोणीतरी नायलॉनचे कापड आणले होते. बाई म्हणत होत्या, इस्त्री कोमट करून लावू, सोनूताई म्हणत होत्या, “वितळतलां बाये.” निकाल लागलेला नव्हता आणि दोघींनाही घाई नव्हती. तेव्हा माझी प्रार्थना एवढीच: मुंबईच्या गिरण्यांनी दरवर्षी एक नवे कापड काढावे, आणि त्या प्रत्येकाचा निकाल लागेपर्यंत वत्सलाबाईंचे हात, डोळे आणि आवाज असेच शाबूत राहावेत, समोर सोनूताई असाव्यात, आणि निवाड्याला मला कोणी बोलावू नये, चहाला बोलवावे.