बनुबाईचा हरभरा आणि भैरोबाचा कौल

माझी चुलती बनुबाई शाळेत जाते ती फक्त मतदानाला. मी बी.एस्सी., बी.एड.; राहात्याजवळच्या एका शाळेत बारा वर्षं दहावीला गणित शिकवतो. तेव्हा या हकिकतीतलं गाढव कोण, ते आधीच सांगून टाकतो. मीच.

काकूचा धंदा शेळ्यांचा. घोडेगावच्या बाजारात शेळी घेताना ती दलालाचं सगळं पुराण ऐकून घेते, माना डोलावते आणि मग पदर खोचून खाली बसते, स्वतः धार काढून बघते. दलाल चिडतात. तिला फरक पडत नाही. सहादेवकाका बाहेरून येऊन म्हणाले की पाऊस लागलाय, तर ही दारातून हात बाहेर काढून बघणार. काका भिजून चिंब उभे असले तरी. सांगितलेलं मानायचं नाही, करून बघायचं, हा तिचा स्वभाव. फक्त एक गोष्ट तिनं तीस-एकतीस वर्षं न तपासता मानली, आणि ती नेमकी तिच्याच बोकांडी बसली होती.

आमच्या गावच्या भैरोबाची जत्रा चैत्रात असते. प्रवरासंगमाहून कावडीनं पाणी आणून देवाला घालायचं. पहिल्या कावडीचा मान आमच्या भावकीचा, आणि भावकीचे वाटे तीन: थोरले, मधले, धाकटे. आम्ही मधले. पूर्वी मान पाळीनं फिरायचा. मग एका वर्षी सुतकामुळे जत्रा झाली नाही, आणि पुढच्या साली ती हुकलेली पाळी धरायची की सोडायची यावरून देवासमोरच काठ्या निघाल्या. चौऱ्याण्णव सालची ही गोष्ट. शेवटी पंच म्हणाले, आपण भांडण्यापेक्षा देवालाच विचारू. पुजाऱ्यानं रुपयाची दोन नाणी एकदम उडवायची. दोन्ही छापे पडले तर मान थोरल्यांचा, दोन्ही काटे पडले तर मधल्यांचा, एक छापा एक काटा पडला तर धाकट्यांचा. तीन प्रकार, तीन वाटे. सगळ्यांनी माना हलवल्या. एवढा सोपा न्याय आपल्याला आधी का सुचला नाही, याचंच लोकांना नवल वाटलं.

त्याच चैत्रात, कौलाच्या पंधरा दिवस आधी, बनुबाई बेलापूरहून लग्न होऊन आमच्या घरात आली. त्या वर्षी कौल धाकट्यांना गेला. दुसऱ्या वर्षीही गेला. सहा वर्षं आमच्या वाट्याला मान आलाच नाही. देवाचं काही चुकत असेल, असं म्हणायची सोय नव्हती. मग माझ्या आजीनं, लंकाबाईनं, निदान केलं: सून पांढऱ्या पायाची हाय. तेव्हापासून नियमच झाला. कौलाच्या दिवशी नाणी पडून होईपर्यंत बनुबाईनं देवळाच्या आवारात पाय ठेवायचा नाही. सगळं गाव आत, आणि ती बाहेर हापशापाशी, डोक्यावर पदर घेऊन एकटी उभी. निकाल तिला लोकांच्या तोंडावरून कळायचा.

एकतीस कौलांत धाकट्यांना सतरा वेळा मान मिळाला, थोरल्यांना दहा वेळा, आम्हाला चार वेळा. आजी हे आकडे सुनेला आरतीसारखे म्हणून दाखवायची. धाकट्यांचे कारभारी रंगनाथआबा तर देवाचे लाडके म्हणून तालुक्यात मिरवत होते. आणि मी काय करत होतो? दरसाल फळ्यावर 'दोन नाणी एकाच वेळी फेकली असता' लिहून पोरांकडून चार शक्यता घोकून घेत होतो. मग चैत्रात गावी येऊन डोळे मिटून म्हणत होतो, देवा, यंदा दोन काटे पाड. फळा आणि देऊळ यांची गाठ माझ्या डोक्यात बारा वर्षांत एकदाही पडली नाही.

गेल्या वर्षी काकूच्या सुनीलचं लग्न झालं. सून धनश्री, नर्सिंग झालेली, हसरी पोरगी. लग्नानंतर महिन्याभरानं कौल लागला, तो पुन्हा धाकट्यांना. घरी जेवताना आजी भाकरी मोडत म्हणाली, "आधी एक हुती, आता दोन झाल्या. पुढल्या साली हिलाबी हापशापाशी हुबी करा."

धनश्रीचा घास हातातच राहिला. काका ताटात बघत बसले. ते काम त्यांना उत्तम जमतं. स्वतःबद्दल ऐकताना काकूनं कधी मान वर केली नव्हती, पण त्या दिवशी केली, आणि तिचा चेहरा वेगळा होता. मला तो बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो तर ती शेळ्यांच्या गोठ्यात बसलेली. पुढ्यात तीन वाट्या, मांडीवर हरभऱ्याचा डबा, हातात दोन रुपये. नाणी उडवायची, बघायची, एका वाटीत एक हरभरा टाकायची.

"काकू, हे काय चाललंय?"

"कौल लावतीय. शंभर झालं. मोज."

मी मोजले. दोन छाप्यांच्या वाटीत सव्वीस, दोन काट्यांच्या वाटीत तेवीस, एक-एकच्या वाटीत एक्कावन्न.

"तुषार," ती म्हणाली, "हितं ना देव हाय, ना माझी सासू बघतीय. आन मी तर पाय पसरून मधीच बसलीय. तरीबी धाकट्यांचीच वाटी का भरली?"

तेव्हा कुठे मला फळा आठवला. अर्धी शक्यता धाकट्यांची, पाव-पाव बाकीच्यांची. मी ते तिला सांगायला लागलो, नमुना अवकाश वगैरे. तिनं मला हातानंच थांबवलं. "म्हंजी शेळीच्या पिलांवानी," ती म्हणाली, आणि एका वाक्यात जे बोलली ते मी बारा वर्षांत बाराशे पोरांना समजावू शकलो नव्हतो. मला स्वतःची लाज वाटली. तिला त्याचं काही नव्हतं. ती वर्षभर थांबली आणि उडवत राहिली. शेळ्या चारताना, चूल पेटेपर्यंत, आजी झोपली की. वाट्यांची घमेली झाली. हिशेब बदलला नाही.

यंदा कौलाच्या दिवशी पंच पारावर बसले होते, देवळाचं आवार भरलं होतं. धनश्रीला हाताशी धरून काकू हापशावरून सरळ आत आली. आजी ओरडली. पुजारी नाणी मुठीत धरून थांबला.

"आज पडंल ते मानीन," काकू पंचांना म्हणाली, "पर आधी माझं ऐका. दोन नाण्यांचा हा कायदाच वाकडा हाय. धाकट्यांला दुप्पट मिळतं."

मी मदतीला धावलो. संभाव्यता म्हणजे काय, इथून सुरुवात केली. दोन मिनिटांत एका पंचाला जांभई आली आणि दुसऱ्याला फोन.

"तू बस," काकू म्हणाली. "रंगनाथआबा, तुमच्याकं चाळीस शेळ्या हायेत. जुळी पिलं व्हत्यात तवा दोन्ही बोकड लई वेळा व्हत्यात, का एक बोकड एक पाट, एक नर एक मादी?"

"एक बोकड एक पाट," आबा म्हणाले. "हे काय इचारनं झालं? शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"का बरं?"

"का म्हंजी? आधी बोकड पडून मागनं पाट येती, न्हाईतर आधी पाट आन मागनं बोकड. दोन वाटा हायेत त्याला. दोन बोकडांला येकच..."

आबा मध्येच थांबले. आवारात प्रत्येकाच्या घरी शेळ्या होत्या, त्यामुळे पुढचं कुणालाच सांगावं लागलं नाही. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पर हा देवाचा कौल हाय, शेळ्यांचा न्हाई!" आबांनी शेवटचा जोर लावला.

"मग देवाला तिघांचं सारखं इचारा की," काकू म्हणाली. "एक नानं रुपयाचं घ्या, एक पाचाचं. दोन्ही छापं थोरल्यांचं, दोन्ही काटं मधल्यांचं. रुपयाचा छापा आन पाचाचा काटा धाकट्यांचा. उलटं पडलं तर कुनाचंच न्हाई, पुन्हा उडवा."

पंच आपसात कुजबुजले. आपल्यालाही तीस वर्षं धाकट्यांच्या निम्मीच संधी होती हे थोरल्यांना एव्हाना उमगलं होतं, त्यामुळे ठराव चुटकीसरशी झाला. कुणीतरी खिशातून पाचाचं नाणं काढून दिलं. पुजाऱ्यानं उडवली. रुपयाचा काटा, पाचाचा छापा. कुणाचंच नाही. पुन्हा उडवली.

रुपयाचा छापा, पाचाचा काटा. धाकटे.

धाकट्यांनी गुलाल उधळला, पण जरा ओशाळून. मी आजीकडे बघितलं. ती तोंड उघडणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, अशी मला भीती वाटली. आजीनं नाण्यांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, काठी टेकत उठली.

"पडलं तसं पडलं," ती म्हणाली. "चला घरी. शेळ्या वरडत असतील."

काकू पाराच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडायला लागली. धनश्री घाबरून तिच्याशेजारी वाकली. "आई, आपण हरलो म्हणून रडताय का?"

"व्हय गं," काकू डोळे पुसत म्हणाली. "एकतीस वर्सांनी पयल्यांदा नुस्तं हरलो."