सुकटीचं पाणी

आणीबाणी उठली त्या सुमाराला मी पिंपरीच्या एका औषध कंपनीत उंदीर सांभाळायचो. हसू नका, परमनंट नोकरी होती! पांढऱ्या उंदरांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे आणि आमच्या संशोधक बाई सांगतील ते मोजून वहीत लिहायचं.

त्या वर्षी बाईंनी चवीचा प्रयोग काढला. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मटणाच्या रश्शासारखी चव आणणारी पांढरी पूड विरघळवलेली. बाटल्यांच्या जागा रोज बदलायच्या, नाहीतर उंदीर सवयीने एकाच बाजूला पितो. पण कसचं काय! जागा कुठलीही असो, पुडीचीच बाटली आधी खाली व्हायची. मी विचारलं, "बाई, ही चव खारट की गोड?"

"दोन्ही नाही. आपल्या पुस्तकांत ती नाही, जपानी लोक मात्र वेगळी मानतात. ही चव लागली की जिवाला कळतं, इथं अंगाला लागणारं अन्न आहे. जनावराच्या जिभेला हे शिकवावं लागत नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण दापोडीला घरी माझ्या आईने अन्न सोडलं होतं. जन्मभर मिश्री लावून हिरडीला कॅन्सर झालेला. पुण्याच्या दवाखान्यात किरणांचा शेक दिला, गाठ गेली, पण चवही गेली. डॉक्टर म्हणाले, "चव येईल, पण महिने लागतील. तोवर पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर त्या टिकायच्या नाहीत." आणि ही दोन घासांत ताट सारायची. "माती लागती रं." खिमट झालं, शिरा झाला, बायको रडकुंडीला आली. मी आईवर खेकसायचो आणि मग माझीच मला लाज वाटायची.

मग मी मोठा शास्त्रज्ञ झालो. सुकट म्हणजे आईचा जीव की प्राण. सुकट उकळून पाणी गाळलं, त्यात तांदळाची पेज शिजवली. दुसऱ्या वाटीत साधी पेज. घरभर सुकटीचा वास, त्यामुळे वासावरून वाटी ओळखायची सोय नव्हती. काही न सांगता दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या आणि समोर बसलो. तिने सुकटीची वाटी संपवली! दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या, तरी तीच. आठ दिवस तीच. बायकोला म्हटलं, "बघ, म्हातारीची जीभ जिवंत आहे अजून!"

नवव्या दिवशी मला उशीर झाला. वाट्या ठेवल्या आणि पाठ करून बुटाची नाडी बांधत बसलो. वळून बघतो तर दोन्ही वाट्या भरलेल्या.

"का गं? आज काय झालं?" मी ओरडलोच.

आई ओशाळली. "आरं, आज तू बघितलंच न्हाईस. कुठली प्यायची, मला कसं कळणार?"

"म्हणजे?"

"मला दोन्ही मातीच लागत्यात, लेका. ज्या वाटीकडं तू टक लावतोस ती मी पिते. तुला बरं वाटतं न्हवं?"

त्या दिवशी मी शिफ्ट बुडवली. खाली बसलो, आधी एका वाटीकडे बघितलं, मग दुसरीकडे. तिने दोन्ही संपवल्या, आणि मला काही केल्या रडू आवरेना.