भर उन्हात दिवे लावून

"माझ्या रंगात खोट काय आहे, ते सांग!"

"खोट नाहीये दादा. तीच तर पंचाईत आहे!"

हे भांडण मी स्वयंपाकघरातून ऐकलं. ओट्यामागची भिंत आणि गॅरेजची भिंत एकच, त्यामुळे पलीकडे कोणी शिंकलं तरी मला कळायचं, भांडण तर सोडाच. पहिला आवाज आमच्या ह्यांचा. हे गाड्या रंगवायचे. दुसरा माझ्या धाकट्या दिरांचा, भाऊजींचा. ते गाड्यांचं वायरिंग बघायचे. गॅरेज दोघांचं एक, गिऱ्हाइकं एक, चहाची किटलीही एक.

भांडण कशावरून, तर नाण्याएवढ्या जागेवरून. बॅटरीतली वीज वायरीतून दिव्याला, हॉर्नला जाते, पण परत येताना गाडीच्या लोखंडातूनच येते, असं भाऊजींनी मला एकदा कणीक मळता मळता समजावलं होतं. (कणीक मी मळत होते, ते नुसते बसले होते.) त्यासाठी इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, दिसायला थेट वेणीसारखी. तिला अर्थिंगची पट्टी म्हणायचं. ती बोल्टनं जिथे आवळायची, तिथे लोखंड उघडं हवं. मध्ये रंग आला की वीज अडलीच. आणि आमच्या ह्यांचा रंग म्हणजे सांदीकोपऱ्यातसुद्धा दाट बसलेला. मग भाऊजी कानस घेऊन तेवढी जागा खरवडायचे.

"आरशासारखी गाडी केली मी, आणि तू तिला खरूज लावलीस!"

"बॉनेटच्या आत आहे रे दादा. बघतंय कोण तिथे?"

"मी बघतो!"

"मग बघत बस. पट्टीही तूच बसव."

"बसवीन! त्याला काय अक्कल लागते?"

पलीकडे कानस आपटल्याचा आवाज आला. मी पोळी तव्यावर तशीच ठेवून कान लावला, ती करपली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गॅरेजच्या मधोमध पत्रे उभे केले. अलीकडे रंग, पलीकडे वायरी. जेवायला मात्र दोघं माझ्याच स्वयंपाकघरात, पण पाठीला पाठ लावून. "वहिनी, दादाला सांगा, मीठ दे म्हणावं." "अगं, त्याला सांग, मीठ त्याच्याच पुढ्यात आहे." मी म्हटलं, "मी काय टेलिफोन आहे का तुमचा?" दोघांनाही हसू आलं, पण एकमेकांना कळू नये म्हणून दोघांनी ताटात माना घातल्या.

हसण्यावारी जाणारं ते नव्हतं. भाऊजींनी लांबच्या गावी एका मोठ्या वर्कशॉपात काम बघितलं, आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढली. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळकरी होते, केस विंचरायला माझ्यापुढे बसायचे. लग्न त्यांनी केलं नाही. घर म्हणजे आम्हीच. ते गेले असते तर ह्यांनी पुन्हा कधी त्यांना बोलावलं नसतं, आणि भाऊजी न बोलावता आले नसते. दोघंही एकाच आईचे. ती उघडी ट्रंक ओलांडून मी रोज केर काढत होते.

तेवढ्यात शाळेच्या बसचं प्रकरण झालं. ह्यांनी ती बस रंगवली, आणि हट्टानं अर्थिंगची पट्टीही आपल्या हातानं बसवली. तिसरा दिवस उजाडायच्या आत बसवाला बस ढकलत दारात! मुलं रस्त्यावर उतरवून आला होता.

"काय केलंत हिला? हॉर्न वाजवला की दिवे मालवतात! सेल्फ मारला तर क्लचच्या तारेतून धूर! रंगवल्यापासून हिला भूत लागलंय!"

गल्ली गोळा झाली. ह्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. ह्यांना कळलं होतं. रंगावरच बोल्ट आवळला होता, विजेला परतीची वाट मिळेना, म्हणून ती बिचारी क्लचच्या तारेतून घुसत होती. मुलं आत असताना तार पेटली असती तर, हा विचार ह्यांच्या डोळ्यांत मला दिसला. आणि हेही खरं, की चूक चारचौघांत निघाली असती, तर ह्यांच्याकडे पुन्हा कोणी गाडी घातली नसती.

भाऊजी पत्र्याला वळसा घालून आले. एका जाड वायरीचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं, दुसरं इंजिनाला. म्हणाले, "मार सेल्फ." बस एका झटक्यात सुरू झाली आणि दिवे असे पेटले की पुढचे लोक मागे सरले.

"म्हणजे पट्टीचंच काम," बसवाला म्हणाला. "मग बसवली कोणी ही?"

भाऊजींना वाईट खोड होती, काम करताना स्क्रू तोंडात धरायचे. नको असलेला प्रश्न आला की ते हमखास मूठभर तोंडात टाकत. आताही टाकले, पण त्याआधी एवढं बोलले, "जुनी झाली होती पट्टी. तांबं झिजतंच." पुढचं सगळं नुसतं "हंऽ हंऽ."

मग बसवाल्याकडे पाठ करून त्यांनी बोल्ट काढला, कानस काढली, आणि थांबले. ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. खरवडण्याचा आवाज मी दारात उभी राहून ऐकला.

पट्टी नवी बसली. मग भाऊजींची नेहमीची फेरी. काम झालं की गाडीतलं जे जे चालतं ते सगळं चालू करून ते गावभर एक चक्कर मारत. दिवे, वायपर, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, अधूनमधून हॉर्न. भर उन्हात, आभाळात ढग नसताना! लोक ओरडायचे, "अहो, दिवे चालू आहेत!" आणि भाऊजी हात हलवून म्हणायचे, "म्हणूनच निघालोय!"

त्या आठवड्यात ह्यांनी माझी औषधाच्या गोळ्यांची डबी पळवली. विचारलं तर म्हणे, झाकण हवंय. कशाला ते सांगेनात.

पुढची रंगवलेली गाडी पत्र्यापलीकडे गेली, आणि थोड्या वेळानं भाऊजी स्वयंपाकघरात आले. बोटावर चिकटपट्टीचा एक गोल कपटा. बरोब्बर माझ्या डबीच्या झाकणाएवढा.

"वहिनी, हे बोल्टखाली निघालं. खाली लोखंड कोरं. रंगाची कड बघायला हवी होती तुम्ही, सुरीनं कापल्यासारखी. दादानं रंगवायच्या आधीच झाकून ठेवलंय."

"मग आता काय खरवडाल?"

"काही नाही उरलं," म्हणाले, आणि बराच वेळ तो कपटा बोटावरून सोडवत बसले.

ट्रंक माळ्यावर कधी परत गेली ते मला दिसलं नाही. पत्रे मात्र कोणी काढले नाहीत. मी त्यांवर धुणं वाळत घालू लागले.

अशी किती वर्षं गेली. ह्यांचे हात थरथरू लागले, फवाऱ्याचं काम दुसऱ्यांकडे गेलं, पण तो गोल कपटा चिकटवायला हे दुसऱ्या कोणाला देत नसत. वाकडा बसायचा. भाऊजी म्हणायचे, चंद्र झालाय.

एका सकाळी भाऊजी झोपेतून उठलेच नाहीत. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. आदल्या दिवसाचं लिहिते. पाववाल्याचा टेंपो होता. भाऊजींनी चंद्र सोलला, पट्टी आवळली, वरून गंजू नये म्हणून ग्रीस फासलं, आणि सगळं चालू करून फेरीला निघाले. कोपऱ्यावरून कोणीतरी ओरडलं, "काका, दिवे!" हॉर्न दोनदा वाजला. वळसा घालून टेंपो परत आला, वायपर कोरड्या काचेवर करकरत होते. भाऊजींनी एकेक बटण बंद केलं, आणि माझ्या ओल्या चादरीवरून हात उंच करून किल्ली पत्र्यापलीकडे धरली.

"दादा, झाली गाडी."

"खरवडलंस?"

"नाही. लागलंच नाही."