आधी जमीन, मग सोफा

बोलायच्या आधी दादा उजव्या पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटत. मग मान जराशी तिरकी करून म्हणत, "आधी जमीन घाला, भावांनो. सोफ्याचं मग बघू."

जगातल्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नोकरी बदलावी का, मुलीला डच शाळेत घालावं का, फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिला कोण घ्यावा, दादांचं उत्तर ठरलेलं. वैताग याचा यायचा की ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

या उत्तराचा उगम माझ्याच घरात झाला. डीमन या डच गावातल्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी दार उघडून बघतो तर आत नुसतं सिमेंट. इथे भाड्याचं घर असंही मिळतं, की आधीचा भाडेकरू जाताना पायाखालची लाकडी जमीनसुद्धा उचलून नेतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पुण्याचा असल्यामुळे कुणाला विचारलंही नव्हतं. सोफा मात्र त्याच दुपारी आला. धुळीत मधोमध ठेवलेल्या त्या सोफ्यावर मी बसलेलो असताना वरच्या मजल्यावरचे दादा ओळख करून घ्यायला आले. त्यांनी सोफा बघितला, खाली बघितलं आणि टाच आपटली. "जमीन कुठाय, लेका?"

पुढचे दोन शनिवार-रविवार ते माझ्या घरात गुडघ्यांवर बसून लाकडी पट्ट्या ठोकत होते. सोफा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवताना दर वेळी एकदा हसायचे.

दादा कोल्हापूरचे. नोकरी झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेच्या आयटीत, पण ते त्यांना विचारल्याशिवाय कळत नसे. आम्हा पुणेकरांसाठी फुटबॉल म्हणजे टीव्हीवरची गोष्ट. कोल्हापुरात तो पेठेचा मामला असतो आणि दादा तरुणपणी आपल्या पेठेकडून बचावफळीत खेळलेले. त्यामुळे इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या रविवारच्या फुटबॉलला ते खेळ म्हणत नसत. "तुमचं ते पळणं" म्हणत.

आमचा ड्राफ्ट म्हणजे काय, ते सांगतो. उन्हाळा आला की चार कप्तान ठरायचे आणि आळीपाळीने एकेक खेळाडू मागून आपापला संघ बांधायचे. सगळे इंजिनिअर, त्यामुळे आकृत्या काढून तासन्‌तास चर्चा. पण शेवटी होणार तेच. आधी गोल मारणारे पळवायचे, मग दम असलेले, आणि ज्याला कुणीच मागत नाही त्याला गोलात उभं करायचं. कॉलनीच्या मैदानावरची ही सवय आम्ही सगळ्यांनी पासपोर्टबरोबर इकडे आणली होती.

दादांना या एका गोष्टीचा मनापासून राग यायचा. "उरलेला माणूस दारात उभा करतासा, आणि घर लुटलं म्हणून रडतासा. आधी गोलकीपर घ्या. मग मागची फळी. गोल काय, कोण पण मारतंय."

दादा एक कप्तान, तर नागपूरचा सौरभ दुसरा, गोल मारणाऱ्यांचा कैवारी. तो म्हणायचा, "काय बोलून राहिले, दादा? गोलच नाही मारला तर जिंकणार कसे?"

"हरणार तरी कसं?" दादा विचारायचे.

मग कोरोना आला. ऑफिस घरात आलं, मैदानाला कुलूप लागलं. त्याच वसंतात पुण्यात माझे बाबा गेले. विमानं बंद होती. स्मशानातलं जे काही बघायचं ते मी त्या सोफ्यावर बसून फोनच्या पडद्यावर बघितलं, आणि चुलतभावाच्या फोनची बॅटरी मध्येच संपली.

त्यानंतर मी घराबाहेर पडेनासा झालो. काम करायचो, कॅमेरा बंद ठेवून. वाणसामान दारात यायचं. फोन उचलावासा वाटत नसे. कुणी "कसा आहेस" विचारलं की त्या माणसाचाच राग यायचा. दादांनी विचारलं नाही. एका सकाळी माझ्या छतावर दोन ठोके पडले. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा दोन. मी वैतागून झाडू उचलला आणि दांडा छतावर दोनदा आपटला. वरच्या बाल्कनीतून आवाज आला, "पोचलं!"

हे रोजचंच झालं. रोज सकाळी दोन ठोके आणि मी उत्तर देईपर्यंत माझी सुटका नाही. एकदा मी मुद्दाम दिलं नाही, तर ते जिन्याने खाली येऊन दाराबाहेर लांब उभे राहिले. "झाडू मोडला काय?" एवढंच विचारलं आणि वर गेले.

उन्हाळ्यात मैदानं उघडली. ड्राफ्ट मात्र व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं. माझं नाव यादीत दादांनीच घातलेलं. मी कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद करून नुसता ऐकत होतो. पहिली निवड दादांची. कुणाला घ्यावं यावर अर्धा तास भांडण झालं. सौरभने त्यांना पुन्हा एकदा गोल मारणाऱ्यांचं महत्त्व समजावलं. मग टाच वाजली. मला ती दोनदा ऐकू आली, एकदा लॅपटॉपमधून आणि एकदा छतातून.

"गोलकीपर," दादा म्हणाले आणि माझं नाव घेतलं.

सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. मी आयुष्यात कधी गोलात उभा राहिलो नव्हतो. मी माइक चालू करून म्हणालो, "दादा, मला बॉल पकडता येत नाही."

"पहिली निवड हाय तू. संघ उभा राहणार तुझ्यावर. उद्या नऊला खाली ये."

नुसतं नाव यादीत असतं तर मी गेलो नसतो. पण पहिली निवड घरात बसून राहिली तर बाकीच्यांनी काय करायचं? मी गेलो. दादा रोज सकाळी मला बॉल मारत, मी रोज चुकवत असे आणि ते म्हणत, "आलास न्हवं? बास." त्या मोसमात आम्ही बहुतेक सामने हरलो. सौरभने मला इतके गोल मारले की त्यालाच लाज वाटली. पण मी माणसांत आलो. एका सामन्यानंतर गवतावर बसून मी दादांना बाबांबद्दल बोललो आणि खूप रडलो. ते बाजूला बसून बुटाची नाडी सोडत-बांधत राहिले.

हिवाळ्यात दादांना कोरोना झाला. बरे झाले, पण दम गेला. दोन जिने चढताना मध्ये थांबायचे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कप्तानपद सोडलं, फक्त खेळाडूंच्या यादीत नाव ठेवलं. कप्तान मी झालो. वर्षभरात यादीत नवी, तरणी, पळणारी मुलं आली होती. दादांना कुणी मागणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी उरणार आणि सौरभच प्रेमाने म्हणणार, "दादा, तुम्ही गोलात उभे राहा."

पहिली निवड माझी होती. गोलात मीच असणार, तेव्हा प्रश्न मागच्या फळीचा होता. मी दादांचं नाव घेतलं.

कॉलवर कुणी हसलं नाही. टाचही वाजली नाही. कॉल संपल्यावर दादा खाली आले, दम लागलेला, तोंड लाल.

"दया दाखवालायस व्हय माझ्यावर? पहिली निवड वाया घालवलीस. माणूस बघून संघ बांधत न्हाईत."

"मग गेल्या वर्षी मला का घेतलंत?" मी विचारलं. "मला बॉल पकडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी माझ्या जमिनीकडे, स्वतःच ठोकलेल्या पट्ट्यांकडे बघितलं. मग सोफ्यावर बसले.

"चहा टाक," म्हणाले.

त्या मोसमात दादा पळाले नाहीत. माझ्यापुढे उभे राहून नुसतं "डावीकडं बघ, उजवीकडं बघ" ओरडत राहिले. आम्ही निम्मे सामने जिंकलो. शरदात ते कायमचे कोल्हापूरला परतले. आई एकटी होती आणि पुन्हा विमानं बंद व्हायची वाट त्यांना बघायची नव्हती. जाताना घर रिकामं केलं, पण जमीन उचलली नाही. नव्या भाडेकरूसाठी ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात ड्राफ्टच्या कॉलवर त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं. पहिल्या निवडीवरून भांडण सुरू झालं, सौरभचा आवाज चढला, आणि दोन ठोके ऐकू आले. फक्त लॅपटॉपमधून. सवयीने मी वर बघितलं.

मी उठलो, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दांडा छतावर दोनदा आपटला. वर आता एक डच आजी राहतात. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

कोल्हापुरातून आवाज आला, "पोचलं."