सुपुर्दनाम्यावरची मोटार

देवराव वाढईची आणि माझी ओळख एका चाकाने करून दिली. वनखात्याच्या बदलीच्या हुकमावर गावाचं नाव वाचल्यापासून मी कावलेलाच होतो. आरमोरीहून आत जंगलात, बस जिथून वळून परत फिरते, ते हे गाव. ट्रंक उतरवून मी उभा राहतो न राहतो तोच समोरच्या उतारावरून मोटारीचं एक चाक एकटंच गडगडत माझ्या दिशेने आलं. मी पाय आडवा घालणार, इतक्यात वरून आवाज आला, "धरू नका जी, धरू नका! कुठी पडते थे पाहून राह्यलो!" चाक माझ्या ट्रंकेला वळसा घालून पुढे गेलं, डुगडुगलं आणि डाव्या अंगावर पडलं. मागून चाळिशीचा एक किडकिडीत माणूस जराही घाई न करता चालत आला. कानामागचा खडू काढून त्याने चाकाच्या डाव्या कडेवर फुली मारली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "रेंज ऑफिसचे नवे बाबू न? या. इथी कोणी आपल्या मर्जीनं येत नाई."

त्याचा बाप बैलगाड्यांची चाकं करायचा. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या हलक्या गाड्या करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. चाक तयार झालं की म्हातारा ते उतारावरून सोडून द्यायचा आणि कुठल्या अंगावर पडतं ते बघायचा. मुलगा लाकडाकडून लोखंडाकडे गेला, मोटारमिस्त्री झाला, पण ही रीत त्याने सोडली नाही. मी त्याला विचारलं होतं, फुलीचं चाक फेकून देणार का? "फेकाचं काऊन? खोट माहीत झाली का चाक कामाचं. माहीत नसली का घात करते."

ज्या मोटारीसाठी हा खटाटोप चालला होता ती त्याच्या शेडमध्ये मधोमध उभी होती. जुनी, अमेरिकी बनावटीची, मोठ्या नाकाची. कुणा लाकडाच्या ठेकेदाराची होती. तिच्यात चोरटं सागवान सापडलं, खटला उभा राहिला आणि मोटार जप्त झाली. ऑफिसात तिला ठेवायला छप्पर नव्हतं, म्हणून साहेबांनी ती देवरावच्या सुपुर्दनाम्यावर दिली. सुपुर्दनामा म्हणजे एवढंच, की वस्तू तुझ्या ताब्यात, पण तुझी नाही. तिच्यात काही बदल करायचा नाही, ती तालुक्याबाहेर न्यायची नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायची. देवरावने खाली अंगठा उठवला होता. मी गावात आलो तेव्हा त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

वर्षातून एकदा त्या मोटारीची तपासणी करणं हे माझं काम. छापील फॉर्मवर मी लिहायचो, 'मुद्देमाल जागेवर. स्थितीत बदल नाही.' खाली माझी लफ्फेदार सही, शेजारी देवरावचा अंगठा. तो दर वेळी विचारायचा, "कोर्टाचं काई आलं का जी?" मी म्हणायचो, "नाही."

शेडच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. नागपूरच्या कबाडीकडून आणलेल्या बेअरिंगांभोवती जो कागद गुंडाळलेला होता, त्यातलं. एक जुनीच मोटार, पण मडगार्ड काढलेली, इंजिन उघडं, पुढे लहान चाकं, मागे मोठी. पुढून वाकलेली, सुटायच्या आधी पटातला बैल वाकतो तशी. देवराव तिला 'नंगी मोटार' म्हणायचा. "बाबू, हे मोटार अशीच होऊ शकते. कमानी अन् चाकं तेवढे निवडाचे हाये."

ही निवड सहा वर्षं चालली. कमान म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सगळा भार तिच्यावर. देवरावने कुठून कुठून त्या जमवल्या होत्या, जीपच्या, टॅक्सीच्या, मेलेल्या गाड्यांच्या. एकेक कमान तो आढ्याला टांगायचा, तिच्यावर धानाची पोती लादायचा आणि ती किती खाली येते ते बांबूच्या कामटीवर खूण करून मोजायचा. पट्टी काढायचा, परत मोजायचा, पट्टी घालायचा. पोती कमी पडली तर मला हाक यायची, "बाबू, या बरं जरासे. साठ किलोचा सरकारी माणूस पाह्यजे." मी आपला पोत्यांवर जाऊन बसायचो. ऑफिसातही मी त्याहून वेगळं काही करत नव्हतो. पोती उतरली की तो पुन्हा कामटी लावायचा, कारण त्याचं खरं लक्ष दुसरीकडेच असायचं. "खाली तं कोणतीबी कमान येते. वापस किती जाते थे पाहा."

आणि चाकं. पुढे चौदा इंची घ्यायची की पंधरा, मागे जीपची सोळा इंची बसतील का, यावर तो आठवडा आठवडा बोलायचा. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. बसची पाटी तो दुसऱ्याला विचारायचा. पण आकडा मात्र त्याच्या नजरेतून सुटत नसे. टायरवरचे झिजलेले आकडे तो नुसतं बोट फिरवून सांगायचा. अमुक मापाचं चाक का नको, असं मी विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "आधी वाट इचाराची, मंग चाक निवडाचं." त्याची वाट ठरलेली होती. नागपूरला त्याच्या साळ्याचं गॅरेज होतं, आणि अर्धं गॅरेज सांभाळायला साळा त्याला बोलवत होता. खटला मिटला की एका दिवसात कमानी-चाकं चढवायची, बायकोला शेजारी बसवायचं आणि मोकळ्या रस्त्याने मोटार पळवत नागपूर गाठायचं. हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं, की कुठल्या टपरीवर चहा घ्यायचा हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

माझीही कथा फार निराळी नव्हती. मी सांगलीकडचा. आलो तेव्हा जिल्हा नुकताच फुटला होता. चंद्रपूरहून गडचिरोलीच्या वाट्याची दप्तरं ट्रक भरून येत होती आणि ती लावून ठेवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. रागाच्या भरात मी पहिले दोन महिने ढिगाने कागद हातावेगळे केले. दर सहा महिन्यांनी बदलीचा अर्ज करायचो, दर सहा महिन्यांनी तो नामंजूर होऊन यायचा. देवराव हसायचा. "बाबू, तुमी बी जप्तच हा की जी. फरक एवढाच, तुमाले पगार भेटते."

चौथ्या पावसाळ्यात शेडची जमीन खचली आणि मोटार एका अंगाला कलली. देवराव धावत ऑफिसात आला. त्याला तिच्याखाली सागाचे ओंडके लावायची परवानगी हवी होती. "चालून कमान मरत नाई बाबू, उभ्यानं मरते. एका जागी दाबून ठेवली का बसूनच जाते, मंग वापस येत नाई." मी म्हटलं, ओंडके कशाला लावता, सरळ नव्या कमानी चढवा. चाकंही चढवा. तपासणी मीच करतो ना? मी लिहितो, स्थितीत बदल नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी टेबलावरचे कागद आवरायला घेतले. "सही तुमची, बाबू. पण अंगठा माहा हाये न." ओंडके लागले. मोटारीची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि तशीच अधांतरी राहिली.

त्याची बायको पार्बताबाई. मोजकं बोलायची, पण बोलली की घाव बसायचा. पाचव्या वर्षी तिच्या भावाने नागपूरहून निरोप पाठवला, किती दिवस वाट पाहायची, अर्धं गॅरेज दुसऱ्याला दिलं. त्याच दिवशी मी नेमका तपासणीला गेलो होतो. तिने मला उंबऱ्यातच विचारलं, "एक सांगा बाबू, थे मोटार जप्त हाये का माहा माणूस जप्त हाये?" देवराव आत कामटीवर खुणा करत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. मी फॉर्म भरला. स्थितीत बदल नाही.

त्यानंतर तो चाकं सोडायचा, पण पूर्वीसारखा मागून चालत जायचा नाही. वरच उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, आता नागपूर नाही, तर चाकं कशाला निवडता? तो म्हणाला, "मोटारीले जाता येत नाई. चाकाले तरी जाऊ द्या."

सहाव्या वर्षाच्या शेवटी माझ्या बदलीचा हुकूम आला. मी ऑफिसभर पेढे वाटले. चार्ज देण्यासाठी जुनी दप्तरं सोडली, तेव्हा 'चंद्रपूरकडे परत' अशी चिठ्ठी लावलेला एक गठ्ठा निघाला. तो कधी परत गेलाच नव्हता. त्यात कोर्टाचा आदेश होता. ठेकेदार मरण पावला, वारस पुढे आले नाहीत, खटला संपला; सुपुर्ददाराला बंधनातून मुक्त करण्यात येत आहे आणि राखणीच्या मोबदल्यात मोटार त्यालाच देण्यात येत आहे. कोपऱ्यात शेरा होता, 'वाचले. दप्तरी.' खाली तारीख, मी रुजू झाल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली. त्याखाली माझी लफ्फेदार सही.

मी तो कागद न वाचताच 'वाचले' असं लिहिलं होतं. त्यानंतर सहा वेळा त्याच माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणालो होतो. ऑफिसात कोणी नव्हतं, तरी मी तो कागद छातीशी झाकून धरला. फाडून टाकावा असंही मनात आलं, ते लपवत नाही. पण फाडला असता तर मोटार कायमची तिथेच राहिली असती.

सकाळी शेडवर गेलो. म्हटलं, "मिस्त्री, सुटलात. आदेश आला शेवटी." एवढंच. कधी आला, ते बोललो नाही. त्याला कुठे वाचता येतंय, असा हिशेब मी वाटेतच करून ठेवला होता. त्याने हात धोतराला पुसले, कागद घेतला आणि टायरवर फिरवायचा तसं बोट त्यावरून फिरवलं. बोट कोपऱ्यात जाऊन थांबलं. मग त्याने घडी घालून कागद खिशात ठेवला आणि आत हाक मारली, "पार्बते, चाय ठेव. मोटार आपली झाली. अन् बाबूची बदली झाली."

म्हणाला होता तसं एका दिवसात त्याने सगळं चढवलं. शेडमध्ये दोन जोड तयार होते. एक नागपूरचा, पुढे लहान चाकं आणि पट्ट्या काढून नरम केलेल्या कमानी. दुसरा जंगलवाटेचा, चारी जीपची चाकं आणि कडक, उंच कमानी. त्याने मडगार्ड काढले, इंजिन उघडं केलं, चित्रातल्यासारखं. मग नागपूरच्या जोडापाशी उभा राहिला, त्यावरची धूळ पुसली आणि दुसरा जोड उचलला. मी का म्हणून विचारलं. "वाट इचारली," तो म्हणाला. "आता हेच वाट हाये."

दुसऱ्या दिवशी मला आरमोरीच्या स्टँडवर त्यानेच सोडलं. पार्बताबाई मागे बसली होती, माझी ट्रंक तिच्या पायाशी. कमानी कडक, खड्डे खोल; माणसं रस्त्याच्या कडेला थांबून त्या उघड्यानागड्या मोटारीकडे पाहात होती. प्रत्येक वळणावर मी ठरवत होतो, आता सांगू, हा नाला ओलांडला की सांगू. नाले संपले. धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, लागली, स्टँड आला, माझी बस लागलेलीच होती.

त्याने ट्रंक खाली उतरवली. खिशातून तो कागद काढला, उलगडला आणि तारखेवर बोट ठेवलं. "आकडे वाचता येते मले, बाबू. अन् तुमची सही माह्या अंगठ्याशेजारी साहा वेळा पाह्यली." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "कालपासून पाहून राह्यलो, कुठी पडता थे."

मग कानामागचा खडू काढून त्याने माझ्या ट्रंकेवर एक फुली मारली. नीट, सावकाश, चाकावर मारायचा तशी. ट्रंक स्वतःच उचलून बसच्या टपावर चढवली, खाली उतरला आणि मोटारीत जाऊन बसला. मोटार वळली आणि आम्ही आलो त्याच वाटेने परत गेली. पार्बताबाईने एकदा मागे वळून पाहिलं.

तो पुढे किती वर्षं जगला, मोटारीचं काय झालं, मला माहीत नाही. पत्र लिहायला चारदा बसलो; त्याला ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, अशी स्वतःची समजूत घालून चारदा उठलो. पुढची सारी नोकरी मी न वाचता एकाही कागदावर सही केली नाही, आणि हाताखालची माणसं मला त्यासाठी चेंगट म्हणायची. खडूची फुली प्रवासातच पुसली गेली. घरी पोचल्यावर मी त्याच जागी पांढऱ्या रंगाने ती पुन्हा काढून घेतली. बायको अजून विचारते, ट्रंकेवर ही फुली कसली? मी म्हणतो, सामान ओळखायला. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितो आहे.