नणंदबाईंचा कालवा

सर्वांत उत्तम गोष्टीसाठी अख्खं जग खोळंबवून ठेवणारं आमच्या नणंदबाईंसारखं दुसरं माणूस जुन्नर-आंबेगावात मिळायचं नाही. जुन्नरच्या बाजारात वांगी घ्यायची, तर सगळे गाळे फिरून तुलना होईपर्यंत भाजीवाले टोपल्या आवरायला लागत. स्थळांचंही तेच. “वहिनी, अजून सगळे पर्याय पाहून कुठे झालेत?” यावर माझे सासरे, आप्पा, कपाळाला हात लावत.

पुढे नणंदबाई इंजिनीअर झाल्या आणि कालव्याच्या कामावर लागल्या. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब कालवा पडद्यावर वाहायचा. पाणी सोडायला कालव्याचं कोणतं दार किती उघडावं हे शोधणारा सॉल्व्हर, म्हणजे बाहेरून आणलेला तयार प्रोग्रॅम, त्याला जोडायचं काम त्यांच्याकडे आलं. सॉल्व्हर उत्तर अप्रतिम काढायचा. पण तोवर पाणी पुढे निघून गेलेलं असायचं.

“ताई, हा तर थेट तुमच्यावरच गेलाय,” मी म्हटलं. बाई जेवणाचं ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या. पण नंतर त्यांनी सॉल्व्हरला शिस्त लावली: दर वेळी पहिल्यापासून शोधायचं नाही, मागच्या उत्तरापासून सुरुवात करायची, आणि वेळ संपली की हातात असेल ते चालण्याजोगं उत्तर द्यायचं.

आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं त्या दिवशी आम्ही निरगुडसरच्या शिवारात, कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, उभे होतो. इथवर पाणी क्वचितच पोचायचं. मध्येच फोन आला, वरचं एक दार अडकलं! नणंदबाईंच्या लॅपटॉपवर सॉल्व्हरनं लगेच बाकीच्या दारांचा नवा हिशेब मांडला. नणंदबाईंनी ओठ चावला. “याहून चांगलं उत्तर असेल हो, वहिनी...” आणि दुसऱ्याच क्षणी फोनमध्ये ओरडल्या, “असू दे! हेच लावा!”

बऱ्याच वेळानं चारीत, कालव्यातून शेताकडे येणाऱ्या पाटात, पाचोळा हलला आणि त्याच्यामागून गढूळ पाणी आलं. लेकीचं कधी तोंडावर कौतुक न केलेले आप्पा चपलांसकट त्यात उतरले आणि बांधावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माज्या पोरीनं आणलंय, राव! लई येळेवर आणलं!” नणंदबाई लॅपटॉपमध्ये तोंड लपवून रडत होत्या. माझी छाती तर अशी फुगली होती, जणू सॉल्व्हर मीच जोडला!

आता त्या लांब विदर्भात, दुसऱ्या कालव्यावर आहेत. आमच्याकडे पाणी आलं की आप्पा चारीवर जाऊन उगाच उभे राहतात. परवा मी चहाला बोलवायला गेले, तर पाण्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, “तिकडं बी आज सोडलं आसंल का गं तिनं?”