‘आय कम’ म्हणणारी शैलाताई

शैलाताईच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत उभी होते. “गेली गं शैला...” एवढंच म्हणाले. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि महिना झाला तरी तो उतरलेला नाही. भेटायला येणारे ‘पडायचं निमित्त झालं’ म्हणतात. पडायचं कसलं? तिला मारलं.

शैलाताई माझी इथली, सेम्बावांगमधली शेजारीण. निवृत्त झाल्यावर दोघं नवरा-बायको मोटारहोम भाड्यानं घेऊन पलीकडे मलेशियात जोहोरच्या किनाऱ्यावर कॅम्पला जायची, बरेचदा मलाही ओढून न्यायची. गाडी लागायचा अवकाश, ही निघालीच शेजारच्या गाड्यांची दारं वाजवायला. कुणाला थालीपीठ, कुणाच्या पोराला औषध. निघताना आपल्या ‘येते हं’चं सरळ इंग्रजी करायची, “ओके, आय कम!” एक म्हातारं जोडपं बिचारं, ती परत येणार समजून, जेवण मांडून तिची वाट पाहत बसलं होतं. मी म्हटलं, “ताई, आय गो म्हण गं.” तर खेकसली, “जाते म्हणू? काहीतरी अभद्र!” तोंडाची फटकळ आणि हाताचीही. कुत्र्याला लाथ मारणाऱ्या एका धटिंगणाच्या तिनं सगळ्यांदेखत मुस्काटात दिली होती.

शेवटच्या कॅम्पच्या त्या दुपारी शेजारच्या गाडीत काहीतरी आदळायला लागलं. मग बाईची किंकाळी. सकाळी एकमेकांच्या ताटातलं खाणारी आमची प्रेमळ मंडळी खुर्च्यांत खिळून राहिली. “नवरा-बायकोचं आहे. लेट देम सेटल लाह,” समोरच्या गाडीवाला तिकडच्या इंग्रजीत म्हणाला. शैलाताईनं जाऊन दार वाजवलं. त्या बाईच्या नवऱ्यानं हसत उघडलं, “नथिंग, आंटी.” त्याच्यामागे त्याची बायको लीना उभी होती. ओठ फाटलेला, हनुवटीवर रक्त. त्यानं दार लोटलं, तेव्हा ताईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “ओके, आय कम.”

ती माणसं गोळा करायला आली. कुणी उठेना. मधुकरराव पाणी भरायला गेले होते, मी पोलिसांना फोन लावत होते. तिनं चुलीवरचा लोखंडी तवा उचलला आणि एकटी परत गेली. दाराला कडी लावलेली नव्हती. तो अंगावर धावला, तिनं तवा त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दात फुटल्याचा आवाज मी ऐकला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग त्यानं हाताला लागला तो चाकाचा पाना तिच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. लीना बाहेर पळाली. शैलाताई गाडीच्या पायऱ्यांवरून डोक्यावर आपटली. तेव्हा कुठे खुर्च्या हलल्या, त्याला खाली पाडून चौघं छातीवर बसले.

हॉस्पिटलमध्ये ती एकदाच शुद्धीवर आली. “पोरगी सुटली?” म्हणाली. सुटली, म्हटलं. लीनानंच मला सांगितलं होतं, “शी सेड शी कमिंग. सो आय ओपन द लॉक.” तेही मी सांगितलं, तशी ताई सुजलेल्या तोंडानं हसली. “अगं, मी आपलं नुसतंच ‘येते हं’ म्हटलं होतं...”

परवा मधुकरराव म्हणाले, “चल, जाऊन येऊ.” तोच कॅम्प, तीच मंडळी. मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. दुपारी टोकाच्या गाडीत काहीतरी धाडकन आपटलं, बाईचा आवाज चढला. समोरच्या गाडीवाला हातातली ताटली टाकून उठला. त्याच्यामागे त्याची बायको, मग सगळेच. दारात एक बाई, फळीवरचे डबे कोसळून नखशिखान्त पिठानं माखलेली. “सॉरी लाह, सो नॉइझी,” ती ओशाळून हसली.

कुणी मागे फिरलं नाही. “यू कम आउट फर्स्ट,” तो म्हणाला. ती बाहेर आली. त्यानं तिच्या हातात टॉवेल दिला, तिनं तोंड पुसलं. पिठाखाली कुठे वळ नाही, हे सगळ्यांनी नीट पाहिलं... आणि मगच तिची वाट सोडली.